चिठ्ठी वाचायला मोटर उघडावी लागते

दादा,

दुकानाचं शटर उजवीकडे अडकतं, हे मला तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी नऊला यायचे तेव्हा ते उघडलेलंच असायचं. वहिनी म्हणाल्या होत्या, अजून चार दिवस बंद ठेवा. पण दारात तीन पंप आणून टाकलेले होते, आणि केळीला काही सुतक कळत नाही. मी शटरला खांदा लावला. तिथला पत्रा घासून गुळगुळीत झालाय. तुझ्या खांद्याच्या उंचीला आहे. मला टाचा उचलाव्या लागल्या.

मग दिवसभर लोक येत गेले. आपल्या इतवारा मोहल्ल्यातला प्रत्येक जण एकदा उंबऱ्याशी थांबला, तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला, "अब दुकान कौन देखेगा?" माझ्या हातात तेव्हा मोटर होती, मांडीवर तार होती. मी म्हटलं, "जो दो जने देखते थे, उनमें से एक तो यहीं बैठी है." मग त्यांना वाईट वाटलं आणि मला चहा पाजावा लागला.

रडणं मला दुकानात जमत नाही. घरीही फारसं जमलं नाही, यावरून आपल्या नातेवाइकांनी काय ते ठरवलं असेल. हे लिहायला बसले कारण मंगळवारी इंदूरवाला पुन्हा यायचं म्हणतोय आणि आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तोवर मला एकटीने निकाल लावायचाय. दुसरी पार्टी हजर नाही म्हणून मी आपोआप जिंकत नाही, आणि मेल्यावर माणूस आपोआप बरोबर ठरतो असंही काही नाही. म्हणून सगळं नीट मांडते.

ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांना आधी चिठ्ठीचं सांगावं लागेल. मोटर जळली की तिचं जुनं तांबं काढून नवीन भरायचं, हा आपला धंदा. किती फेरे, कोणत्या जाडीची तार, जोडणी कशी, हे प्रत्येक मोटरचं वेगळं असतं, आणि आपल्या धंद्यातले सगळे ते वहीत लिहून वही कुलपात ठेवतात. तूही वह्या लिहिल्यास. पण मोटर बंद करण्याआधी तू वाइंडिंगच्या जाड कागदाची एक पट्टी कापायचास, तेच आकडे तिच्यावर लिहायचास, वरून वार्निशचा हात फिरवायचास आणि पट्टी आत बांधून टाकायचास. पुढे कधी ही मोटर कुणी उघडली तर त्याला मिळावी म्हणून. तो कुणीही असो. आपल्या समोरच्या दुकानातला असला तरी. बाकीचे मिस्त्री तुला हसायचे.

तुझं कारण ठरलेलं होतं. तरुणपणी चांदनी गावातल्या पिठाच्या गिरणीची मोटर तू उघडलीस, आधीच्या माणसाने फेरे चुकवलेले होते, आणि ते शोधण्यात तुझे तीन दिवस गेले. परतताना तिथल्या स्टेशनावर बसून तू ठरवलंस, आपल्यानंतर येणाऱ्याचे तीन दिवस जाऊ नयेत. चिठ्ठीच्या शेवटी तू मोटर जळण्याचं कारणही लिहायचास. 'एक फेज गेला.' 'पाणी शिरलं.' 'उंदीर.' एका शेठच्या मोटरमध्ये तू लिहिलं होतंस, 'मालक. फ्यूजच्या जागी खिळा घालतो.' ती मोटर पुन्हा आपल्याकडेच आली, शेठ समोर बसलेले, आणि चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. तुझा चेहरा मला अजून दिसतो.

गेल्या उन्हाळ्यात फोन आला. म्हणजे फोन तर होतेच, त्यात हे नवीन आलं. चालत्या मोटरजवळ धरायचा, अर्ध्या मिनिटात तो सांगतो काय बिघडलंय. यंत्रमागवाल्यांनी आधी घेतलं, मग केळीवाल्यांनी. पूर्वी लोक यायचे आणि म्हणायचे, आवाज येतोय, बघा. आता येतात आणि म्हणतात, बेअरिंग गेलंय, बदला. एक जण तर बेअरिंग विकत घेऊनच आला, "बस बिठा दो." तू म्हणालास, "डॉक्टर तुम हो गए, तो मैं कंपाउंडर." तो हसला. तू हसला नाहीस.

मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते, फोन बहुतेक वेळा बरोबर असतो. कधी चुकतो. नावरा गावाकडच्या एका पंपाला त्याने जळका ठरवलं होतं आणि आत नुसती वाळू निघाली. पण आपणही चुकतो. "रोग ओळखणं गेलं की आपण हमाल," तू म्हणायचास. मी म्हणायचे, "हमाल तर हमाल. फोनला तार गुंडाळता येत नाही, तोवर पोळी आहे." हे बोलणं तुला लागायचं. मला कळायचं, तरी मी बोलायचे.

मग हे फोनमधलं बनवणाऱ्या इंदूरच्या कंपनीचा तो मुलगा आला. चांगला होता, बूट बाहेर काढून आत आला. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. तुझ्या वह्या, आणि तू. हेडफोन लावून बसायचं, तो मोटरींचे आवाज ऐकवणार, तू सांगायचं काय बिघडलंय. "अंकल, आप जैसे दस-बारह लोगों के कान मिल जाएँ तो हमारा सिस्टम पक्का हो जाएगा."

"कान दे दूँगा तो चश्मा कहाँ टिकाऊँगा, बेटा?" तू म्हणालास.

तो हसत हसत गेला, नंबर ठेवून. आणि आपलं सुरू झालं.

"तू प्रत्येक मोटरमध्ये चिठ्ठी ठेवतोस," मी म्हटलं. "कोण वाचणार, तुला माहीतही नसतं. त्याला देतोस, मग याला द्यायला काय जातं?"

"चिठ्ठी वाचायला मोटर उघडावी लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे नट ढिले करावे लागतात. हात काळे होतात. एवढं ज्याने केलं त्याचा हक्क आहे. हा तर इंदूरला बसून वाचणार."

"इंदूरला बसो नाहीतर चंद्रावर. मोटर चालू झाल्याशी मतलब."

"निमा, जो उघडणारच नाही त्याला आत काय असतं ते कधी कळणार नाही. आणि आज उघडणारे संपले की तुझा फोन तरी कुणाकडून शिकेल?"

"तोवर आपण दोघं नसू."

"तेच म्हणतोय," तू म्हणालास आणि चहा संपवलास.

वह्यांवर तू थोडा तरी बोलायचास. हेडफोनचं काढलं की उठून जायचास. मी सोडलं नाही. एकदा तर म्हटलं, "तासभर कानाला लावून बसायचं आहे फक्त, तुझं काय झिजतं?" तेव्हा तू दुकानात पहिल्यांदा आवाज चढवलास. "नाही म्हटलं ना." मला वाटलं, अहंकार. वय झालं की येतो. बाबांनाही कागद कारखान्यातून रिटायर होताना आला होता.

आता इकबालभाईंच्या मोटरचं.

सुताला खळ लावायचा त्यांचा कारखाना. तिथली मोठी मोटर थांबली की त्यांच्या सुतावर चालणारी पूर्ण गल्ली थांबते. नवरात्रात ती जराशी वेगळी वाजू लागली. मी त्या दिवशी वहिनींना घेऊन इच्छापूरला देवीला गेले होते, त्यामुळे तू एकटा गेलास. इकबालभाईंनी आधीच फोन धरून पाहिला होता, फोन म्हणाला होता बेअरिंग. तू पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक मोटरला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकलंस आणि म्हणालास, बेअरिंग चांगलं आहे, लाइनमध्ये गडबड आहे, व्होल्टेज तपासून घ्या. इकबालभाईंनी फोनचं सोडलं आणि तुझं ऐकलं. आठ दिवसांनी बेअरिंग जाम झालं, आत फिरणारा रोटर घासला आणि मोटर जळली. दिवाळीचा माल अंगावर होता.

मोटर ठेल्यावर घालून आणली. दुकानात इकबालभाई होते, त्यांची दोन माणसं होती, समोरचा चहावाला कप घ्यायला आला होता. मी बेअरिंग काढून हातात फिरवलं, गोळ्यांचा चुरा झालेला. मला राग आला होता. तुझा नाही, त्या गल्लीचा, उशीर होणार त्याचा. आणि मी म्हटलं, "दादा, हे फोनलाही ऐकू आलं."

इकबालभाईच म्हणाले, "जाने दो ताई, इंसान है." त्याने तर अजूनच वाईट झालं.

ती मोटर तू एकट्याने भरलीस. कॉइल मी करते, पंचवीस वर्षं मीच करते, पण त्या वेळी तू तार माझ्या हातून घेतलीस. दोन दिवस फक्त तार गुंडाळायचा फर्मा फिरण्याचा आवाज. बंद करून, रंग देऊन तू ती स्वतः पोचवून आलास. त्यानंतर आपण बोलायचो, रोजचं सगळं बोलायचो, पण इंदूरवाल्याचा विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही. मला वाटलं, दिवाळीनंतर बोलू. मग वाटलं, संक्रांतीनंतर. माफी मागणं मला येत नाही. त्या दिवशी तुझ्या डब्यात मी शेवभाजी जास्त दिली, एवढं केलं होतं. तू ती खाल्लीस की चहावाल्याला दिलीस, ते विचारलं नाही.

गेल्या शुक्रवारी, त्या वारी कारखाना बंद असतो म्हणून, इकबालभाई तीच मोटर घेऊन आले. मी म्हटलं, फिर से?

"नहीं नहीं, मस्त चल रही है. दादा बोल गए थे, चार महीने बाद एक बार खुलवा लेना, ग्रीस बदलवा लेना." ते ठेल्यावरची दोरी सोडू लागले. "और बोले थे, ताई से ही खुलवाना."

मी नट ढिले केले. झाकण निघालं. वाइंडिंग तुझं, एकाही तारेवर तार चढलेली नाही. आणि ठरलेल्या जागी, दोऱ्याच्या दोन गाठींत, चिठ्ठी. फेरे, तार, जोडणी. खाली कारण. तुझं अक्षर, प्रत्येक मात्रा काठीसारखी सरळ.

'कारण: बेअरिंग गेलं होतं. मिस्त्रीला ऐकू आलं नाही. बारीक आवाज दोन-तीन वर्षांपासून येत नाही. बहिणीला येतो. तिला विचारावं.'

इकबालभाई बाहेर ठेलेवाल्याशी बोलत होते. मी ग्रीसचा डबा उघडला, बंद केला, परत उघडला.

दादा, दोन-तीन वर्षं तू प्रत्येक मोटरला पेचकस लावून आधी माझ्या हातात द्यायचास. "ऐक गं. आधी तू सांग, काय म्हणते." मी सांगायचे. तू मग दोन सेकंद ऐकल्यासारखं करायचास आणि म्हणायचास, "हं." मला वाटायचं, पन्नाशीच्या बाईची अजून परीक्षा घेतोय. मी चिडायचे सुद्धा. एकदा मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं, तुला पकडायला. तू "हं" म्हणून वहीत लिहायला घेतलंस, आणि मीच घाबरून म्हटलं, नाही नाही, थांब. तू हसलास. मला वाटलं, ओळखलंस म्हणून हसलास.

तू विचारत होतास. मी उत्तर देत होते आणि मला ते माहीत नव्हतं.

आता बाकीचं जुळतं. ग्राहकांचा फोन आला की माझ्या हातात द्यायचास, "तूच बोल, माझे हात भरलेत." वहिनी तीन हाका मारायच्या आणि मग येऊन खांद्याला हात लावायच्या, आणि आम्ही दोघी म्हणायचो, दादाचं लक्ष नसतं हल्ली. चाळीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. त्या गल्लीतले निम्मे विणकर ओरडून बोलतात, हे मला माहीत आहे, शहरातल्या कुणालाही माहीत आहे. मी रोज तुझ्यापासून दोन हातांवर बसत होते आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि हेडफोन. त्या मुलासमोर, माझ्यासमोर बसायचं आणि काहीच ऐकू येत नाही हे कळू द्यायचं. मी तुझ्यामागे महिनाभर लागले होते.

सांगायचं होतंस. एवढंच म्हणते, आणि यावर मी तुझ्याशी भांडणार, तू नसलास तरी. मी इच्छापूरला गेले नसते. नाहीतर इकबालभाईंना सांगितलं असतं, उद्या येतो. एक दिवसाचा प्रश्न होता. तू एका अनोळखी मिस्त्रीला कागदावर जे लिहून ठेवलंस, ते मला तोंडाने सांगता आलं नाही. पण हे लिहिताना दिसतंय की मी तरी काय केलं. शेवभाजी दिली.

तू मुद्दाम माझ्यासाठी लिहिलंस की नेहमीसारखं जो उघडेल त्याच्यासाठी, हे मला कळायला मार्ग नाही. ग्रीस खरंच बदलायची होती, ती काळी पडली होती. 'ताई से ही' यात दोन्ही बसतं. मी ठरवलंय की ते ठरवायचं नाही.

आता मंगळवारचं. तुझ्या नकारातलं अर्धं कारण लाज होती, हे आता मला माहीत आहे. त्यामुळे मी जिंकले असं होत नाही, कारण उरलेलं अर्धं खरं होतं आणि ते खरंच राहतं. त्या मुलाशी काल फोनवर बोलले. वह्या देते म्हटलं. त्यात आकडे आहेत, आकडे कुणाचे नसतात, ते तूच प्रत्येक मोटरमध्ये वाटत होतास. हेडफोनवर मी बसणार नाही म्हटलं. त्याचा आवाज पडला. मग सांगितलं, तू इथे ये. पंप येतील, मोटरी येतील, तुझा फोन सांगेल, मी सांगेन. आणि दर वेळी मोटर तू उघडायची, तुझ्या हाताने, आणि आत काय निघालं ते पाहायचं. मग जे लिहायचं ते लिही.

तो म्हणाला, "दीदी, मुझे खोलना नहीं आता."

मी म्हटलं, सिखा दूँगी. जुने कपडे घालून ये.

येईल की नाही, माहीत नाही. कंपनीने परवानगी द्यायला हवी म्हणतो. न आला तर वह्या पोस्टाने पाठवेन, शब्द दिलाय. पण कान पोस्टाने जात नाही, हे तुझं मान्य. माझ्यानंतर या स्टुलावर कोण बसणार हे मला दिसत नाही, तुला दिसत नव्हतं तसंच. फोन शिकत जाईल. त्यात तुझे आकडे असतील आणि तुझं नाव कुठेच नसेल. वाईट वाटतं. थांबवता येत नाही. दोन्ही खरं आहे आणि दुकान नऊला उघडायचं असतं.

तुझी चिठ्ठी मी घरी आणली नाही. वहिनींना दाखवावी असं एकदा मनात आलं, मग नको वाटलं. आधीच्याची चिठ्ठी काढायची नाही, आपली तिच्यावर बांधायची, हा नियम तुझाच. मी पट्टी कापली, वार्निश लावलं. ग्रीस बदलली, बेअरिंग ठीक, असं लिहिलं. कारणाच्या जागी काही लिहायचं नव्हतं, कारण या वेळी मोटर जळली नव्हती. तरी लिहिलं. 'फोनचं बोलले ते चुकलं. निमा.' दोरा बांधला, झाकण लावलं, चारही नट आवळले.

शनिवारी मोटर पोचवायला मीच गेले. इकबालभाईंनी बटण दाबलं. गल्लीतले सगळे माग चालू, काही ऐकू येऊ नये असा गोंगाट. मी पेचकस लावला, मूठ कानामागे धरली आणि बराच वेळ उभी राहिले. इकबालभाईंनी हातानेच विचारलं, कशी आहे.

नीट चाललीय, दादा. दोन्हीकडचं बेअरिंग साफ आहे.